राउटरचा सातबारा कुणाच्या नावावर?

मंडळी, आज एका सोप्या प्रश्नाने सुरुवात करू. तुमच्या घरात सगळ्यात जास्त तास चालू असणारं यंत्र कोणतं? फ्रिज म्हणालात तर अर्धे मार्क. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनमधून विश्रांती घेतो. ज्याला अजिबात विश्रांती नाही तो म्हणजे टीव्हीच्या मागे, धुळीत, वायरींच्या गुंत्यात पडलेला राउटर. बँकेचे व्यवहार, ऑफिसचं व्हीपीएन, पोरांचे क्लास, आईची यूट्यूबवरची कीर्तनं, सगळं त्या डब्यातून जातं. आता दुसरा प्रश्न. त्या डब्यातलं सॉफ्टवेअर शेवटचं कधी अपडेट झालं?

शांतता.

फोनचं अपडेट आठवडाभर उशिरा आलं तर आरडाओरडा करणारी आपली जमात. सर्व्हरवर एखादा पॅच राहून गेला तर रात्री दोन वाजता कॉलवर बसणारी आपली जमात. आणि स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर बसलेला संगणक पाच-पाच वर्षं तसाच पडलाय, त्याचं कुणाला काही नाही. बरं, विषय काढला की उत्तर ठरलेलं: "चाललंय ना? मग कशाला हात लावायचा?"

ह्याच "कशाला हात लावायचा" शी माझं भांडण आहे, म्हणून हा शनिवार त्याच्या नावे. म्हणणं थोडक्यात असं: स्वतःच्या पैशाने घेतलेल्या राउटरवर आपल्याला पटेल ते फर्मवेअर टाकता येणं हा रिकामटेकड्या लोकांचा चाळा नाही, तो मालकाचा हक्क आहे. आणि तो हक्क हळूहळू काढून घेतला जातोय, तेही ज्यांना हे सगळं कळतं त्या आपल्या डोळ्यांदेखत.

आधी डबा उघडून बघू. राउटर म्हणजे काय तर छोटा संगणक. त्यात प्रोसेसर आहे, रॅम आहे, आणि हार्ड डिस्कऐवजी फ्लॅश मेमरी आहे. चालू केला की आधी बूटलोडर जागा होतो, तो फ्लॅशमधलं फर्मवेअर उचलून रॅममध्ये टाकतो, आणि पुढचा सगळा कारभार ते फर्मवेअर बघतं. बहुतेक घरगुती राउटरांत हे फर्मवेअर म्हणजे लिनक्सच असतं, वर कंपनीचा रंग आणि लोगो. म्हणजे ज्या लिनक्सवर तुम्ही ऑफिसात रोज कमांडा मारता तेच घरी टीव्हीमागे बसलंय. फरक इतकाच की तिथे तुम्ही रूट आहात आणि इथे नुसते पाहुणे.

हे लिनक्स बाहेर कसं आलं ती गोष्ट मजेशीर आहे. २००३ च्या सुमारास लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी ५४ जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात जोरात होता. त्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली. जूनमध्ये लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर कुणीतरी दाखवून दिलं की ह्या डब्यात लिनक्स आहे, पण जीपीएल परवान्याप्रमाणे द्यायला हवा तो सोर्स कोड कंपनीने दिलेला नाही. आता गंमत बघा. चिप ब्रॉडकॉमची, फर्मवेअर करून दिलेलं तैवानच्या सायबरटॅनने, नाव लिंक्सिसचं आणि मालक सिस्को. ह्या साखळीत कोड कुठे शिरला हे मालकालाही धड माहीत नव्हतं. बरीच बोंबाबोंब झाली आणि शेवटी कोड जाहीर करावा लागला. त्या कोडवर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. पाठोपाठ डीडी-डब्ल्यूआरटी, टोमॅटो वगैरे मंडळी आली. आजही ओपनडब्ल्यूआरटीच्या नावातलं "डब्ल्यूआरटी" हे त्या जुन्या लिंक्सिसचंच आडनाव आहे.

कंपनीने काय केलं? २००५ मध्ये त्याच राउटरची पाचवी आवृत्ती आली. लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स टाकलेलं, आणि मेमरी निम्मी: फ्लॅश ४ एमबीची २ एमबी, रॅम १६ एमबीची ८ एमबी. खोका तोच, किंमत साधारण तीच. पण लिनक्सवाल्यांची मागणी इतकी होती की जुना अवतार डब्ल्यूआरटी ५४ जीएल ह्या नावाने वेगळा विकायला काढावा लागला, आणि तो पुढे कित्येक वर्षं खपत राहिला. तेव्हा "असलं कोण वापरतं हो?" ह्या प्रश्नाचं उत्तर बाजाराने तेव्हाच देऊन ठेवलंय.

आता मी जालन्याचा. आमच्याकडे जालना म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात, बियाणं आणि लोखंड. (आणि मोसंबी! आमच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण ते एक असो.) राउटरचा वाद समजायला हे बियाणंच फार उपयोगी पडतं, म्हणून जरा शेताकडे येतो.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली. संकरित बियाण्याचा धंदा ह्या गावातून देशभर गेला, आणि बारवाल्यांना १९९८ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. संकरित वाणाने उत्पन्न वाढलं ह्यात वाद नाही. पण त्याबरोबर शेतकऱ्याच्या हातातून एक गोष्ट गेली: कणगीतलं घरचं बी. संकरित वाणाचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, पहिल्या पिढीचा जोम दुसऱ्या पिढीत फुटतो. म्हणजे दर मृगाला पुन्हा दुकान.

ह्यावर देशाने एक कायदा केला. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्याच्या ३९ व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की संरक्षित वाण असलं तरी शेतकऱ्याला आपल्या पिकातलं बी राखायचा, वापरायचा, पुन्हा पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा, विकायचासुद्धा हक्क आहे. अट एकच, ब्रँडच्या पिशवीत भरून विकायचं नाही. वाण तयार करणाऱ्याचा हक्कही राहिला आणि पेरणाऱ्याचाही. मला हा कायदा फार आवडतो. संगणकवाल्यांनो, हे वाचून तुम्हाला जीपीएल आठवलं नाही तर काय म्हणावं! वापरा, बदला, वाटा, पण मूळ कर्त्याच्या अटी पाळा.

आता खरी मेख. कायदा म्हणतो "बी राख", पण संकरित वाण राखू देत नाही. जीपीएल म्हणतं "कोड बदल", पण कंपनी बूटलोडरला असं कुलूप घालते की तिच्या सहीशिवायचं फर्मवेअर तो उचलतच नाही. कागदावर हक्क आहे, डब्यावर नाही. फक्त इथे उपमा थांबते. दुसऱ्या पिढीत वाण फुटतं हा निसर्गाचा नियम, त्याला कुणी काही करू शकत नाही. बूटलोडरचं कुलूप हा कुणीतरी मीटिंगमध्ये घेतलेला निर्णय आहे. ते काढताही येतं.

म्हणून मी म्हणतो की राउटरचा सातबारा काढून बघा. मालक म्हणून नाव तुमचं, बिलही तुमच्या नावाचं. पण शेजारी "इतर अधिकार" हा रकाना असतो ना, त्यात कंपनीचा बोजा चढलेला आहे. कर्ज कसलंही नाही, पैसे रोख मोजलेत, तरी बोजा!

"अरे पण त्याने बिघडतं काय?" सांगतो. आमच्या चुलतभावाचं जालन्यात कृषी सेवा केंद्र आहे. बिलिंग, यूपीआय, खतासाठीचं पॉस मशीन, चार कॅमेरे, आणि वर घरी वहिनींचं ऑनलाइन शिकवणं, सगळं एकाच फायबरच्या जोडणीवर. राउटर चांगल्यापैकी, स्वतः विकत घेतलेला. (कंपनीचं नाव सांगत नाही, सगळ्या एकाच माळेच्या मणी.) दुखणी तीन होती. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग वर चढायला लागलं की वहिनींचा आवाज तुटायचा. रस्त्याचं खोदकाम निघालं की फायबर तुटून दुकान दिवसभर बंद पडल्यासारखं व्हायचं. आणि तिसरं दुखणं त्याला दिसत नव्हतं, मला दिसलं: कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर चार वर्षांपूर्वीचं. सपोर्ट संपला. राउटर धडधाकट, फक्त कंपनीने त्याचं तेरावं उरकून टाकलेलं.

जोडणीवाल्या पोराचा सल्ला: "सर, जुना झाला, नवीन घेऊन टाका." भावाचा प्रश्न: "कामून त्या डब्याच्या मागं लागला रे? दोन हजाराचा तर आहे."

दिवाळीच्या सुट्टीत बसलो. मॉडेल आणि हार्डवेअरची आवृत्ती डब्याखालच्या स्टिकरवर बघितली, ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत ती होती, फाइल उतरवली, तिचा चेकसम ताडून बघितला, राउटरच्या नेहमीच्या अपग्रेडच्या पानावरूनच चढवली. पाच मिनिटं दिवे लुकलुकले. मग १९२.१६८.१.१ वर नवीन पान उघडलं. एवढंच. चहा गार व्हायच्या आत.

मग तिन्ही दुखण्यांवर इलाज. आवाज तुटायचा तो "बफरब्लोट" नावाच्या रोगामुळे. एकाने जोरात अपलोड सुरू केलं की पॅकेटांची रांग साठत जाते आणि बोलण्याची पॅकेटं त्या रांगेच्या शेपटाला अडकतात. रेशन दुकानात एक जण दहा पोती घेऊन पुढे उभा राहिला की मागच्याची पावशेर साखर अडकते, तसं. ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएम नावाचं पॅकेज आहे, ते प्रत्येकाची वेगळी रांग करून आळीपाळीने सोडतं. वहिनींचा आवाज त्याच संध्याकाळी सरळ झाला. दुसरं, राउटरच्या यूएसबीला फोर-जी डोंगल लावून दिलं आणि फायबर गेलं की आपोआप त्यावर जायची सोय केली. तिसरं, कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं काढलं, म्हणजे उद्या एखादा स्वस्त कॅमेरा कुणी फोडला तरी बिलिंगच्या संगणकापर्यंत पोचायला नको. नवीन खर्च फक्त डोंगलचा. भाऊ आता दुकानात येणाऱ्याला राउटर दाखवतो, बियाण्याची पिशवी दाखवावी तसा.

मुद्दा माझ्या भावाचा नाही. मुद्दा हा की त्या डब्यात हे सगळं करायची ताकद पहिल्या दिवसापासून होती. प्रोसेसर तोच, मेमरी तीच. विकणाऱ्याने ती दिली नाही, कारण तीच ताकद वरच्या किमतीच्या मॉडेलात "बिझनेस" असं लेबल लावून विकायची असते.

आणि एसक्यूएम आलं कुठून ते ऐका, कारण "हौशी लोकांचे उद्योग" म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. बफरब्लोटवर जिम गेटिस, डेव्ह टाट आणि त्यांच्या सोबत्यांनी २०११ पासून काम केलं. प्रयोगशाळा कोणती? ओपनडब्ल्यूआरटीवरून काढलेलं सेरोडब्ल्यूआरटी नावाचं फर्मवेअर, दुकानात मिळणाऱ्या नेटगिअरच्या राउटरांवर चढवलेलं. तिथे तावूनसुलाखून निघालेला एफक्यू-कोडेल २०१२ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये गेला, २०१८ मध्ये त्याचा आरएफसी झाला. त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ "केक" कर्नलमध्ये आला. डेव्ह टाट २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांच्या हातचं काम आज जगभरातल्या लिनक्सच्या यंत्रांत चालतंय. ते राउटर जर कुलूपबंद असते तर? हा प्रयोग करायला कंपनीची परवानगी मागत बसावं लागलं असतं.

आपल्या देशातलंही उदाहरण आहे. २००५ च्या सुमारास धरमशाळेत डोंगराळ भागात स्वस्तात इंटरनेट पोचवायला एअरजल्दीच्या लोकांनी वायरलेस जाळं उभारलं, ते ह्याच लिंक्सिसच्या राउटरांचं फर्मवेअर बदलून. घरात वापरायचा डबा डोंगरावरच्या खांबावर चढला. लिंक्सिसच्या माहितीपत्रकात हा उपयोग नव्हता.

आता आक्षेप. मी टाळत नाही, एकेक घेऊ.

पहिला: सुरक्षितता. "कंपनीचं सोडून कुणा अनोळखी लोकांचं सॉफ्टवेअर टाकायचं?" अहो, कंपनीचं म्हणजे ओळखीचं का? जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या हजारो मोडेमांवर मालवेअर पसरलं आणि मूळचा पासवर्ड बदला म्हणून ग्राहकांना सांगत फिरावं लागलं. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर उघडकीला आलं: ५४ देशांत किमान ५ लाख यंत्रं, बहुतेक घरगुती राउटर. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने मुद्दाम इशारा दिला की सपोर्ट संपलेले जुने राउटर हेरून त्यांत मालवेअर घालतात आणि ते गुन्हेगारांना आडोसा म्हणून भाड्याने दिले जातात. त्यात मालकाचा दोष काय? त्याने राउटर घेतला आणि कंपनीने पाठ फिरवली. अशा वेळी ज्या फर्मवेअरचा कोड उघडा आहे आणि ज्याला अपडेट मिळतात तेच जास्त सुरक्षित. मात्र एक अट. फाइल अधिकृत जागेवरूनच घ्यायची. कुठल्यातरी टेलिग्राम चॅनेलवरची "मॉड" फाइल टाकणाऱ्याला माझा पाठिंबा नाही.

दुसरा: "डब्याची वीट होते." होऊ शकते. चुकीच्या आवृत्तीची फाइल टाकली, किंवा फ्लॅश लिहिताना लाइट गेली तर. मराठवाड्यात ही दुसरी भीती खरी आहे, म्हणून राउटर आधी इन्व्हर्टरवर घ्या. पण बऱ्याच राउटरांत बूटलोडर शाबूत असला की टीएफटीपीने मूळ फाइल परत चढवता येते. ती पद्धत आधी वाचून, मूळ फर्मवेअर जवळ ठेवून मगच हात घालायचा. ज्या मॉडेलला परतीची वाट नाही ते सोडून द्या. आणि वॉरंटीत असलेल्या नव्या राउटरला हात लावा असं मी म्हणतच नाही.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: रेडिओ. राउटर हा प्रक्षेपक आहे, त्याची ताकद कुणीही मनमानी वाढवली तर इतरांना त्रास. बरोबर. हवा सगळ्यांची आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे ऑक्टोबर २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात, पण ताकदीच्या मर्यादेत, आणि ती मर्यादा पाळलीच पाहिजे. म्हणून सेटिंगमध्ये देश "भारत" निवडा. जपान-अमेरिका निवडून रेंज वाढवायचे सल्ले देणारे महाभाग यूट्यूबवर भेटतील, त्यांना लांबूनच नमस्कार. पण ह्या कारणासाठी सगळं फर्मवेअरच कुलूपबंद करायचं? अमेरिकेत हे घडलंय. २०१५ मध्ये तिथल्या एफसीसीच्या मार्गदर्शक कागदात चक्क डीडी-डब्ल्यूआरटीचं नाव घेऊन विचारलं होतं की असलं फर्मवेअर टाकण्यापासून यंत्राचं रक्षण कसं करणार. ओरड झाली, त्याच वर्षी शब्द बदलावे लागले. आणि २०१६ मध्ये टीपी-लिंकचे काही राउटर ताकदीची मर्यादा ओलांडू देतात म्हणून २ लाख डॉलरचा दंड झाला, तेव्हा तडजोडीत उलट अशी अट आली की कंपनीने बाहेरच्या फर्मवेअरला वाट देण्याचा मार्ग शोधावा. म्हणजे रेडिओच्या भागाला वेगळी मर्यादा घाला, बाकी घर मालकाचं राहू द्या, हे शक्य आहे हे खुद्द नियामकाने मान्य केलं.

चौथा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तोच सगळ्यात पोकळ आहे: "सामान्य माणसाला ह्याचं काय?" बरं. सामान्य शेतकरी विहिरीवरची मोटार स्वतः उघडतो का? बहुतेक नाही. मग अंबडला, भोकरदनला, परतूरला मोटार रिवाइंडिंगची दुकानं कशी चालतात? कारण मोटार उघडता येते. तांब्याची तार बाजारात मिळते, आणि ती गुंडाळायला कंपनीची सही लागत नाही. हक्क सगळ्यांचा असतो, वापरणारे थोडे असतात, आणि त्या थोड्यांच्या जिवावर बाकीच्यांचं अडलेलं सुटतं. उद्या मोटारीच्या प्रत्येक बोल्टला कंपनीने गुप्त किल्ली लावली तर? जळालेली मोटार फेका आणि नवी घ्या! हे आपण मोटारीच्या बाबतीत खपवून घेणार नाही. मग राउटरच्या बाबतीत "जुना झाला, नवीन घ्या" हे इतक्या सहज कसं पचतं? गावोगावी रिवाइंडिंगसारखीच राउटर दुरुस्तीची दुकानं का नसावीत?

आणि जालन्याच्या माणसाला भंगाराची किंमत शिकवायची गरज नाही. आमच्या भट्ट्यांत भंगार वितळवून त्याचे गज होतात, गावाचं पोट त्यावर चालतं. पण भंगार वितळवण्याची वेळ वस्तू मेल्यावर येते. चालता राउटर कंपनीच्या तारखेप्रमाणे भंगारात घालणं म्हणजे गाभण म्हैस खाटकाला देण्यासारखं आहे. केंद्र सरकारने ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू केले, ठीकच आहे. पण सगळ्यात चांगला ई-कचरा तो, जो झालाच नाही.

ओपनडब्ल्यूआरटीलाही मर्यादा आहेत, त्याही सांगून टाकतो, नाहीतर प्रचारकी वाटेल. अगदी जुने ४ एमबी फ्लॅशचे राउटर आता चालत नाहीत, किमान ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम हवी. ब्रॉडकॉमच्या चिपवाल्या बऱ्याच राउटरांत वायफाय नीट चालत नाही, कारण ड्रायव्हर बंद. काही मॉडेलांवर कंपनीचं फर्मवेअर वेगात सरस ठरतं. आणि जोडणीबरोबर कंपनीने दिलेला डबा बऱ्याचदा तिच्याच मालकीचा असतो, त्याला हात लावायचा नाही. तो ब्रिज मोडमध्ये ठेवायला सांगायचं आणि मागे आपला राउटर लावायचा. पण नीट बघितलं तर ह्यातल्या निम्म्या अडचणी कुलपांनीच तयार केलेल्या आहेत.

तर मागणी काय? माझ्या चार आहेत.

एक. सपोर्ट कधीपर्यंत, ती तारीख खोक्यावर छापा. औषधावर छापता, बियाण्याच्या पिशवीवर छापता, मग राउटरवर का नाही? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून किमान किती काळ अपडेट देणार हे जाहीर करणं सक्तीचं आहे, आणि सगळ्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन माल विकायला बंदी आहे. युरोपचा कायदा २०२७ च्या अखेरीस पूर्ण लागू होईल, त्यात अपडेटचा काळ सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षं.

दोन. सपोर्ट संपला की बूटलोडरचं कुलूप काढून द्या. तुम्हाला सांभाळायचं नसेल तर नका सांभाळू, पण दुसऱ्याला सांभाळू द्या.

तीन. जोडणी देणाऱ्याने स्वतःचा राउटर लावायला आडकाठी करू नये. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून हा ग्राहकाचा कायदेशीर हक्क आहे. आपल्याकडे ब्रिज मोड मागितला तर समोरचा माणूस "सर, तसलं होत नाही" म्हणून फोन ठेवतो.

चार. ज्यात लिनक्स आहे त्याचा सोर्स कोड, नुसता नावापुरता नव्हे, बांधता आणि चढवता येईल असा द्या. जर्मनीत एका ग्राहकाने फ्रिट्झबॉक्स बनवणाऱ्या एव्हीएमवर ह्यासाठी दावा लावला, आणि कंपनीने उरलेला कोड दिल्याचं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. एक ग्राहक, एक राउटर. कोर्टात गेला म्हणून मिळालं.

आपल्या सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये "राइट टू रिपेअर" चं पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या, असे चार विभाग. चांगली सुरुवात. पण त्याचा भर सुटे भाग, मॅन्युअल आणि सर्व्हिस सेंटरवर. राउटरचा सुटा भाग कोणता हो? सॉफ्टवेअरच! हार्डवेअर शाबूत असताना सॉफ्टवेअरपायी वस्तू मरते, हा दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न आहे, हे तिथे कुणीतरी सांगायला हवं. ते कोण सांगणार? जालन्यातला बियाण्याचा दुकानदार? त्याला फक्त "नेट स्लो आहे" एवढंच कळतं. सांगायचं त्यांनी, ज्यांना कर्नल आणि बूटलोडर ह्यांतला फरक माहीत आहे. म्हणजे हिंजवडी, मगरपट्टा आणि ऐरोलीत बसून हे वाचणाऱ्या तुम्ही लोकांनी.

आणि बाजारातही वाट आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या लोकांनी स्वतःचाच राउटर काढला, ओपनडब्ल्यूआरटी वन, खोक्यासकट ८९ डॉलर. त्यात मूळ बूटलोडर वेगळ्या चिपवर जपून ठेवलाय, म्हणजे वीट होण्याची भीती जवळपास संपली. महाग आहे, आपल्याकडे मागवायला कटकट आहे, मान्य. पण कुलूप न लावता राउटर करता येतो हे त्याने सिद्ध केलंय. आता कुणी "तांत्रिक कारणांमुळे शक्य नाही" म्हणालं तर हसायला हरकत नाही.

तेव्हा ह्या रविवारी एवढंच करा. राउटर उलटा करून स्टिकर वाचा, मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही. कंपनीच्या साइटवर शेवटच्या अपडेटची तारीख बघा. मग ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत ते मॉडेल शोधा. सापडलं आणि हिंमत असेल तर पुढचं तुम्हाला जमतं. नाही सापडलं तर पुढचा राउटर घेताना आधी ही यादी, मग ऑफर. आणि गावाकडे आई-बाबांचा, काकांचा डबा असेल तर सुट्टीत तोही बघून घ्या, त्यांच्या वतीने बघणारं दुसरं कुणी नाही. सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नसतो मंडळी. त्यासाठी ज्याचं नाव आहे त्यालाच अर्ज घेऊन जावं लागतं, तलाठी काही घरी येऊन विचारत नाही.